ऑक्टोबरचा मेन्यू करताना: कांद्यापासून करांद्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या चाळीस खुर्च्यांच्या एका रेस्टॉरंटमध्ये तुम्ही नुकतेच मुख्य शेफ झालात. मालकांना ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी 'ऑटम मेन्यू' हवा आहे. त्यांनी दाखवलेल्या फोटोंत भोपळ्याचं घट्ट सूप, सफरचंद-दालचिनीचा गोड पदार्थ, भाजलेले चेस्टनट असं सगळं आहे. आपल्याकडे या दिवसांत खरोखर काय वापरावं, आणि आठवड्याला बदलणाऱ्या मालावर मेन्यू कसा बसवावा, असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्याजवळ गेली एकोणीस वर्षं स्वयंपाकघर चालवते. मोसमी मेन्यू दर वर्षी करते, आणि सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत तुमच्यासमोर आहे तेच चित्र समोर ठेवून केला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या फोटोंबद्दल. सफरचंद वापरायला काहीच हरकत नाही. काश्मीर-हिमाचलचं ताजं सफरचंद याच दिवसांत आपल्या बाजारात येतं. भोपळाही आपलाच. पण ते फोटो थंडीत शिरणाऱ्या देशांतले आहेत. तिथे लोक कोट घालून आत येतात आणि त्यांना काहीतरी गरम, जड, लोणीदार हवं असतं. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्यातला पहिला महिना ऑक्टोबर हीटचा. दुपारी एक वाजता गिऱ्हाईक घाम पुसत आत येतं, त्याला क्रीम घातलेलं दाट सूप नको असतं. खरी थंडी दिवाळीनंतर, तीही संध्याकाळची. म्हणजे एकाच मेन्यूत दोन हवामानं सांभाळायची आहेत.

पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. शरद हा आपल्याकडे ओल ओसरण्याचा काळ आहे. चार महिने पाऊस प्यायलेला माल या दिवसांत बाजारात येतो: कांदा, बटाटा, भोपळा, ओल्या शेंगा, पुढे नवा तांदूळ. प्रत्येकात पाणी जास्त. त्यामुळे मे महिन्यात बिनचूक जमणारी पाककृती ऑक्टोबरात अचानक बिघडते आणि आपण हाताखालच्या शिकाऊ पोराला बोलतो. दोष त्याचा नसतो. मोसमी मेन्यूची सुरुवात नवे पदार्थ शोधण्यापासून करू नका. आहेत त्या पदार्थांत हे पाणी कुठे शिरलंय ते आधी पाहा.

कांद्यापासूनच सुरू करते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि कांदाचाळीत राहून आपल्याला ऑक्टोबरपर्यंत पुरतो, पण शेवटी शेवटी त्याला कोंब फुटलेले असतात, आतून पोकळ होतो. मग पोळ कांदा येतो, म्हणजे खरिपातला नवा. दिसायला लालबुंद, पातळ सालीचा, आणि पाण्याने भरलेला. तुमच्या नाशिकच्या बाजारात तो तुम्ही माझ्याआधी पाहता. हा कांदा तळायला घेतला की तो आधी कढईत उकडतो. बरिस्ता, म्हणजे तळून तांबूस केलेला कांदा, कुरकुरीत होत नाही, झाला तरी अर्ध्या तासात मऊ पडतो. ग्रेव्हीसाठी परतायला घेतला तर वेळ जवळपास दीडपट लागतो आणि शेवटी मसाला मात्र कमी भरतो. माझ्या हिशेबात दहा किलो कच्च्या कांद्यामागे तयार मसाला पाव ते तिहाईने कमी. तो फरक लक्षात न घेता तेच माप चालू ठेवलं तर ग्रेव्ही पातळ लागते आणि कुणाला कारण कळत नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. सप्टेंबरच्या मध्यावर चांगल्या वाळलेल्या उन्हाळ कांद्याची दोन-तीन पोती जास्तीची घेते आणि हवेशीर जागी, एकावर एक न रचता ठेवते. तो कांदा फक्त बरिस्त्याला आणि काळ्या वाटणाला. बाकी सगळीकडे नवा. कोशिंबिरीत, दह्यात, थालीपिठात, कांद्याच्या भज्यांत नवा कांदाच चांगला लागतो, गोडसर आणि रसाळ. भज्यांत तर मीठ लावून ठेवलं की त्याच्याच पाण्यात पीठ भिजतं, वरून पाण्याचा थेंब लागत नाही. उन्हाळ कांदा संपलाच आणि बरिस्ता करणं भाग असेल, तर चिरलेला नवा कांदा सुती कापडावर पंख्याखाली तास-दीड तास पसरा, आणि नेहमीच्या निम्म्या घाण्याने तळा.

बटाट्याचंही तसंच. ऑक्टोबरात बाजारात दोन बटाटे शेजारी शेजारी असतात. एक शीतगृहातला, वसंतातला. गारव्यात राहून त्यातल्या पिठाची साखर झालेली असते, म्हणून काप आणि फ्राइज आतून शिजण्याआधी वरून काळपट होतात. दुसरा नवा, खरिपातला. आमच्याकडे तो आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरून येतो. साल अंगठ्याने निघते. रस्सा, काचऱ्या, सालीसकट परतलेली भाजी यांना याच्यासारखा बटाटा नाही, पण वड्याच्या सारणात तो चिकट होतो. वड्यासाठी वापरायचाच असेल तर सालीसकट उकडा, कुकरमधून काढल्यावर झाकू नका, परातीत पसरून वाफ पूर्ण जाऊ द्या आणि हाताने फोडा. किसणीने किसलात की गोळा होतो.

आता भोपळा, कारण मालकांना तो हवाच आहे आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. लाल भोपळा घेताना देठ बघा. देठ सुकलेला, बुचासारखा कडक झालेला हवा. हिरवा, ओला देठ म्हणजे फळ घाईने उतरवलंय. ताजा उतरवलेला भोपळा पाणचट असतो. तो अख्खा, कोरड्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला की आतल्या पिठाची साखर होते आणि चव गोड, रंग गडद होतो. बटाट्यात नको असलेली गोष्ट भोपळ्यात आपल्याला हवी असते. म्हणून मी ऑक्टोबरच्या मेन्यूचा भोपळा सप्टेंबरच्या शेवटी घेऊन जमिनीपासून उंच फळीवर मांडून ठेवते. आणि एक: पितृपक्षात भोपळा, गवार, भेंडी, कारली, अळू यांचे भाव चढतात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी तर सकाळी आठलाच चांगला माल संपतो. त्या पंधरवड्यात या भाज्या मेन्यूच्या मध्यभागी ठेवू नका.

सूप करायचंच तर भोपळा उकडू नका. सालीसकट मोठ्या फोडी करा, दोनशे अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजा, कडा करपल्यासारख्या दिसेपर्यंत. पाणी निघून जातं, चव उरते. गर साल सोडून आपोआप निघतो. त्यात क्रीम घालायची गरज पडत नाही. मी त्याचं सार करते: भाजलेला गर, वाफवून वाटलेले ओले शेंगदाणे, आमसुलाचं पाणी, आणि वरून तूप-जिरं-कढीपत्त्याची फोडणी. दुपारी ते कोमट, छोट्या वाटीतून देते. नोव्हेंबरच्या रात्री तेच सार गरम, मोठ्या वाटीत, शेजारी लसणाच्या चटणीचा ठिपका ठेवून जातं. एकच हंडी, दोन हवामानं.

भरीत मात्र वाफवूनच करा. गर घट्ट दह्यात, मोहरी-हिंग-मेथीदाण्याची फोडणी, चिमूटभर साखर. यासोबत नव्या बाजरीची भाकरी द्या. बाजरी याच सुमारास अहिल्यानगर, पुणे, नाशिककडे काढणीला येते. फक्त पीठ आठवड्याचं एकदम दळून ठेवू नका, बाजरीच्या पिठातलं तेल लवकर खवट होतं आणि भाकरी कडू लागते. आम्ही दर तीन दिवसांनी दळून आणतो. ज्या पाहुण्यांना भोपळा आवडत नाही असं ते सांगतात, तेही हे भरीत पुसून खातात, हे मी एकोणीस वर्षं पाहतेय.

घारग्यांबद्दल एक इशारा. किसलेला भोपळा गुळात शिजवताना पाण्याचा थेंब घालू नका आणि मिश्रण कढईच्या तळाला चिकटून सुटेपर्यंत आटवा. कणीक मग त्यात मावेल तेवढीच. ओलसर मिश्रणात जास्त पीठ कोंबून मळलं की घारगे एक तर चिवट होतात, नाही तर तेल पितात.

सीताफळाने मला सगळ्यात जास्त शिकवलं आणि सगळ्यात जास्त नुकसानही केलं. सासवड-पुरंदरचं सीताफळ आमच्या अगदी जवळ. तुम्हाला बीडकडचंही मिळेल, त्याला भौगोलिक मानांकन आहे. शिवाय बार्शीकडून पुढे आलेला गोल्डन वाण आहे, त्यात गर जास्त, बिया कमी, आणि फळ टिकतं. गावरान फळाइतका त्याला वास नाही, हे माझं मत. पण रेस्टॉरंटला रोज सारखी प्लेट द्यायची असते, तिथे त्याचा उपयोग मोठा. दिवाळीनंतर गावरान संपत आलं की तोच हाताशी राहतो.

नुकसान असं झालं. तिसऱ्या वर्षी मी भाव पडलेले पाहून एकदम चाळीस किलो फळ घेतलं. डोळे उघडलेलं, अजून कडक. सगळं पिकून एकदम हाताशी येऊ नये म्हणून मीच ते रात्री कोल्डरूममध्ये ठेवायला सांगितलं. सकाळी साली काळ्या पडलेल्या, आणि नंतर बाहेर ठेवूनही फळ नीट पिकलं नाही, आत गाठी राहिल्या. सीताफळ न पिकता थंडीत गेलं की त्याला इजा होते. बारा-तेरा अंशांच्या खाली कच्चं फळ नेऊच नये. हे मला माहीत असायला हवं होतं. त्यानंतरची पद्धत अशी: फळ क्रेटमध्ये एका थरात, खोलीतल्या हवेवर, रोज दोनदा हाताने चाचपून. दाबल्यावर किंचित दबलं की त्याच दिवशी गर काढायचा, आणि गर मात्र लगेच गोठवायचा, एकेक किलोच्या चपट्या पाकिटांत, उणे अठरावर. चपटं पाकीट लवकर गोठतं, लवकर सुटतं. किलोभर फळातून माझ्या हाती साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम गर येतो. दर ठरवताना हा आकडा धरा, क्रेटचा भाव धरू नका.

बिया मिक्सरमध्ये कधीही जाऊ देऊ नका. मुलं घाईत गर-बिया एकत्र फिरवतात आणि मग गाळतात. सीताफळाची बी विषारी असते, तिची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने फिरवून गर काढा. वेळ लागतो. तो वेळ पदार्थाच्या किमतीत धरा.

आणि सीताफळ शिजवू नका. गर तापला की कडवट होतो. बासुंदी करताना दूध आटवून, फ्रीजमध्ये पूर्ण गार करून, गर वाढायच्या आधी मिसळा. तुमच्या मालकांच्या फोटोतला भाजलेला गोड पदार्थ सफरचंदाचा ठेवा. सीताफळाला फक्त गार दूध आणि वेळ लागतो. पाऊस लांबला तर झाडावरची फळं तडकतात आणि गर फिका लागतो. अशा वर्षी मी बासुंदीतलं दूध जास्त आटवते, साखर वाढवत नाही.

ओल्या शेंगा फार थोडे दिवस मिळतात आणि फार थोड्या रेस्टॉरंटमध्ये दिसतात, याचं मला वाईट वाटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात भुईमूग निघतो तेव्हाचा दाणा दुधाळ असतो. मिठाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उकडलेल्या शेंगा टेबलावर नुसत्या ठेवल्या तरी लोक फोन बाजूला ठेवून सोलत बसतात. दाण्याची आमटी, ओल्या दाण्याचं वाटण घातलेली भरली वांगी, दाणे-काकडीची कोशिंबीर, सगळं होतं. पण शेंगा चिखलासकट पोत्यात बांधून ठेवल्या की दोन दिवसांत बुरशी धरतात, आणि शेंगदाण्यावरची बुरशी धुऊन जात नाही. तिच्यातलं विष शिजवल्यावरही राहतं. आल्या दिवशी धुवा, पसरून कोरड्या करा, शंका आलेली शेंग टाका. दोन दिवसांचा माल घ्या, चार दिवसांचा नाही.

ओलीचाच धोका नवरात्रातल्या भगरीला असतो. दर वर्षी या दिवसांत भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. कारण बहुतेक वेळा दमट हवेत साठवलेली, सुटी घेतलेली भगर किंवा तिचं तयार पीठ. उपवासाचे पदार्थ ठेवणार असाल तर भगर अख्खी, पाकीटबंद, तारीख पाहून घ्या, निवडून धुवा आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळा. शिजवलेली भगर दुपारची रात्री वाढू नका. उपवासाच्या पदार्थांसाठी कढई, तेल, झारा वेगळे ठेवा आणि पाहुण्यांना तसं सांगा. लोक विश्वासाने येतात. रताळी, सुरण, काकडी, दाण्याचं कूट, राजगिरा एवढ्यावर नऊ दिवस उत्तम निघतात. पदार्थ पाचाच्या वर नेऊ नका.

या दोन महिन्यांत गिऱ्हाइकाचं चक्रही मालाइतकंच बदलतं. पितृपक्षात समारंभांची बुकिंगं नसतात. तो पंधरवडा मी नवे पदार्थ कर्मचाऱ्यांना खाऊ घालून तपासण्यात घालवते. नवरात्रात मांसाहार उतरतो, दसऱ्याला एकदम चढतो. समुद्रातली मासेमारीबंदी 31 जुलैला संपलेली असते, त्यामुळे तोवर बांगडा, कोळंबी यांची आवक बसलेली असते. दिवाळीत बाजार समितीला सुट्ट्या असतात, गावाहून आलेली मुलं घरी जातात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात फराळाच्या गोडाला कंटाळलेले लोक झणझणीत काहीतरी मागत येतात. त्या चार दिवसांसाठी माझा मेन्यू निम्मा असतो. कांदा, बटाटा, सुरण, मोड आलेली कडधान्यं, म्हणजे बाजार बंद असतानाही टिकणाऱ्या वस्तूंवर उभा. मोडाची मटकी आणि पोळ कांदा, बाकी काही नसलं तरी चालतं.

कंदांवर मला जास्त लिहायचंय. माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला परसात करांदे, कणगरं, कोनफळ निघायचं. आई करांदे सालीसकट, मुठीने मीठ घालून, मातीच्या मडक्यात उकडायची आणि आम्ही अंगणात बसून सोलून खायचो. मी पहिल्यांदा ते रेस्टॉरंटमध्ये ठेवले तेव्हा मसाला लावून, तळून, वर चटण्या घालून ठेवले. विकले गेले नाहीत. पुढच्या वर्षी आईसारखे उकडले, खोलगट लाकडी ताटलीत गरम गरम, सोबत फक्त खोबरेल तेल आणि लसूण-मिरचीचा ठेचा. कोकणातून पुण्यात येऊन राहिलेल्या माणसांना ताटली पाहून काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. एक आजी वाढणाऱ्या मुलाचा हात धरून बसल्या होत्या.

करांदे घेताना एवढंच पाहा की देणारा माणूस ते ओळखतो. कडू जातीही असतात, आणि दिसण्यावरून नवख्याला फरक कळत नाही. कोनफळ आतून जांभळं असतं, सोलताना बुळबुळीत होतं आणि हाताला खाज आणतं. त्याचे जाडसर काप करून मीठ-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर मंद आचेवर भाजा. झाकण ठेवा, नाही तर आत कच्चं राहतं.

सुरणाची भीती सगळ्यांनाच असते. खाज येते ती त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. कोरड्या हाताला तेल लावून, कोरडा सुरण सोला. मग फोडी आमसूल किंवा चिंचेच्या पाण्यात मीठ-हळद घालून पुरत्या शिजवा, अर्ध्याकच्च्या ठेवू नका. ते पाणी फेकून द्या. नुकत्या काढलेल्या सुरणापेक्षा काही आठवडे ठेवलेला सुरण कमी खाजरा असतो, म्हणून मी तो येताच मेन्यूवर टाकत नाही. नंतर तिखट-मीठ-आलं-लसूण लावून रव्यात घोळवले की काप माशांच्या तुकड्यांच्या बरोबरीने खपतात. पहिला घाणा मी स्वतः खाऊन पाहते, दहा मिनिटं थांबते, मगच ऑर्डर सोडते.

विदर्भाकडे ओळख असेल तर शिंगाडे मागवा. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर समाजाची माणसं ते पिकवतात. ताजा, हिरवा शिंगाडा सोलून कच्चा कोशिंबिरीत घातला की दाताखाली जो करकरीतपणा येतो तो पाण्याच्या डब्यातल्या आयात मालात सापडणार नाही. तुमच्या मालकांना चेस्टनट हवे होते ना, त्या जागी उकडून, सोलून, तुपावर परतलेले शिंगाडे ठेवून पाहा. पिठूळ, गोडसर, आणि उपवासालाही चालतात.

काही गोष्टी या मेन्यूत आणू नका, कितीही मोह झाला तरी. हुरडा, पोपटी, उंधियू, ओली तूर, हरभऱ्याचा कोवळा पाला. हे सगळं पुढचं, थंडी मुरल्यावरचं. नोव्हेंबरात कुणी आणून दिलं तरी ते लांबून आलेलं, नाही तर कोवळं आणि महाग असतं, आणि डिसेंबरात सांगायला तुमच्याकडे काही उरत नाही. पालेभाज्यांत ऑक्टोबरात अंबाडी घ्या, तिचा आंबटपणा या उन्हाला बरा. मेथी दिवाळीच्या पुढे खरी चवीची होते.

मेन्यूची रचना माझ्याकडे अशी असते. एकूण अठ्ठावीस पदार्थांपैकी बावीस वर्षभर तेच. सहा जागा मोसमाच्या. त्या सहा जागांना छापील नाव न देता भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहितो, म्हणजे दुपारी सीताफळ संपलं तर पुसता येतं. मोसमी पदार्थ जास्त ठेवले की प्रत्येकाचा थोडा थोडा माल उरतो आणि नासतो. सहाच ठेवले तर एक भोपळा तीन ठिकाणी जातो: सार, भरीत, घारगे. आठवड्याचा भाव दर सोमवारी तपासते. नवा माल बाजारात येतो तो पहिला आठवडा महाग आणि बेचव असतो, तिसऱ्या आठवड्यात स्वस्त आणि उत्तम. लोकांना पहिल्या दिवशी काही तरी दाखवण्याच्या घाईत आपण वाईट माल जास्त पैशांत घेतो. दोन आठवडे थांबा.

खरेदीसाठी एक आडत्या धरा आणि त्याच्याकडे स्वतः जा, निदान आठवड्यातून एकदा. फोनवर 'भोपळा पाठवा' सांगितलं की भोपळा येतो. गाळ्यावर उभं राहिलं की तो स्वतःच सांगतो, आज भोपळा राहू द्या, पडवळ बघा. माझे निम्मे मोसमी पदार्थ असे ठरलेत. वाढणाऱ्या मुलांना रोज साडेअकराला फळ्यावरचे सहाही पदार्थ चमचाभर खायला द्या. ज्याने करांदा खाल्लेला नाही तो पाहुण्याला करांदा सांगू शकत नाही.

शेवटी तांदूळ, कारण शरदाचा शेवट त्याच्यावरच होतो. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न करतात, दारावर नव्या लोंब्या बांधतात. मावळातला इंद्रायणी त्यानंतर कापला जातो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात गिरणीतून आपल्याकडे येऊ लागतो. या नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो चिकट होतो. मसालेभाताला, पुलावाला तो वापरू नका, तिथे जुनाच हवा. पण गुरगुट्या भात नव्या इंद्रायणीसारखा कशाचाच होत नाही. मऊ, वास सुटलेला, वर साजूक तूप, बाजूला मेतकूट, पोह्याचा भाजलेला पापड आणि लिंबाचं मुरलेलं लोणचं. मी तो नोव्हेंबरातल्या थंड रात्री मेन्यूच्या शेवटी ठेवते, जेवणाच्या शेवटी मागवता येईल अशा छोट्या वाटीत. तुमच्या मालकांना हे फारच साधं वाटेल. त्यांना एकदा खायला घाला, सांगण्यात वेळ घालवू नका.

पाण्याचं माप पोत्यागणिक बदलतं, म्हणून नवं पोतं उघडलं की मी शंभर-शंभर ग्रॅम तांदूळ तीन छोट्या पातेल्यांत लावते: सव्वापट, दीडपट आणि पावणेदोनपट पाणी. मोकळ्या भाताला तिन्हींतलं जे जमेल तो आकडा पोत्यावर जाड मार्करने लिहून ठेवते, तारखेसकट. गुरगुट्याला त्याच्या दुपटीहून जास्त घालते, मंद आचेवर, अधूनमधून ढवळत. जानेवारीत तोच तांदूळ पुन्हा तपासला की पाणी थोडं वाढवावं लागतं, आणि जुना आकडा खोडून नवा लिहावा लागतो.